टायगर प्लेको म्हणून दोन आणले, पण दोघं एकसारखे नाहीत. पट्टेवाले प्लेको ओळखायचे कसे?

वरुडचा_संत्रीवाला:
राम राम मंडळी. मंडीच्या कामानं नागपूरला गेलो होतो, येताना दोन पट्टेवाले प्लेको, म्हणजे काचेला-लाकडाला तोंडानं चिकटणारे टाकीतले मासे, घेऊन आलो. दुकानदारानं दोन्ही एकाच टाकीतून काढले, एकाच भावात दिले, नाव सांगितलं 'टायगर प्लेको'. प्लेकोंना ओळखीसाठी देतात तो एल नंबर विचारला तर म्हणे, "टायगर म्हणजे टायगर, नंबर कायले पाह्यजे?"

घरी तीन फुटी टाकीत सोडल्यावर दोघांतला फरक दिसून राहिला. पहिला गडद तपकिरी. त्याच्या अंगावर आडवे, बारीक, पिवळट पट्टे आहेत, शेपटीवर पण आहेत. तो दिवसरात्र लाकडाला चिकटून असतो. दुसरा जरा मोठा. त्याचा काळा-पिवळसर रंग असा गुंतागुंतीचा आहे की कोणता रंग वरचा अन् कोणता खालचा, सांगता येत नाही. डोक्यावर पट्टे तुटून ठिपके झालेत. तो पाइपातून बाहेर येतच नाही, लाइट बंद केल्यावरच निघतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले. एकानं दोन्ही एल-३३३ सांगितले, दुसऱ्यानं दोन्ही क्लाऊन (हाही पट्टेवाला प्लेकोच), तिसऱ्यानं 'लोकल सकर आहे, फसवलं तुले' म्हणून हात वर केले. दोघांना खायला एकच द्यायचं की वेगळं, हे मला कळलं पाहिजे. पाणी बोअरचं आहे. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर सातशेच्या वर दाखवतो.

गप्पू_पांढरकवडा:
भाऊ, ताडोबात एकेका वाघाले पट्ट्यावरून ओळखते. कॅमेऱ्यात डावी कूस दिसली की नाव-गाव सांगून देते. अन् तुम्हाले टाकीतले दोन वाघ ओळखू नाही येत?

मत्स्यगंधा_वर्धा:
गप्पू, तुझ्या चेष्टेतच उत्तर आहे. ताडोबात पट्ट्यांवरून 'हा कोणता वाघ' ते कळतं, कारण प्रत्येकाचे पट्टे वेगळे असतात. 'हा वाघच आहे का' हा प्रश्न तिथे कोणाला पडत नाही. इथे उलट आहे. प्लेकोचे पट्टेही प्रत्येक माशाचे वेगळे असतात, एकाच बापाच्या पिल्लांतसुद्धा. त्यामुळे पट्टे पाहून जात ठरवायला गेलं की गोंधळ होणारच. शिवाय घाबरलेला मासा फिका पडतो, पिल्लाचे ठळक पट्टे वयाबरोबर मोडतात, काळ्या वाळूवर तोच मासा गडद दिसतो.

दादा, आधी तिसऱ्या माणसाचं म्हणणं निकालात काढू. पाठीवरचा पंख उभा असताना पाहा. पहिला जाड काटा सोडून मागचे मऊ, फांद्या फुटलेले काटे मोजा. सात भरले तर तो आपल्या दुकानांत मिळणारा साधा सकर, म्हणजे टेरिगोप्लिक्थिस नाही. त्याला साधारण दहा किंवा जास्त असतात आणि पंख शिडासारखा मोठा दिसतो. तुमचे दोन्ही सातवालेच निघतील असं वर्णनावरून वाटतं.

आता सातवाल्यांत आपल्याकडे पट्टे घेऊन येणारे मुख्य तीन गट आहेत: पॅनाकोलस, पेकोल्टिया आणि हायपॅनसिस्ट्रस. यांना वेगळं करायला तोंड पाहावं लागतं. पॅनाकोलसचे दात थोडे पण मोठे, टोकाला चमच्यासारखे पसरट, आणि दोन्ही बाजूंच्या रांगा मध्ये टोकदार कोन करून भेटतात. ते लाकूड खरवडायचं हत्यार आहे. पेकोल्टियाचे दात बारीक आणि भरपूर, वरच्या-खालच्या जबड्यात साधारण सारखेच. हायपॅनसिस्ट्रसची खूण खालच्या जबड्यात: तिथे दात अगदी मोजके, पण वरच्यांपेक्षा लांब आणि दणकट. १९९१ साली इसब्रुकर आणि नायसन यांनी झेब्रा प्लेकोसाठी ही प्रजाती वेगळी काढली, तिच्या वर्णनात या मोजक्या दातांना महत्त्व आहे.

तुमच्या पहिल्या माशाबद्दल माझा अंदाज पॅनाकोलस. दुसऱ्याबद्दल दात पाहिल्याशिवाय बोलणार नाही.

अमरावतीचा_प्लेकोवाला:
ताई बरोबर आहेत, पण मी एवढं थांबणार नाही. दुसरा मासा हायपॅनसिस्ट्रस आहे, पैज लावतो. अंगावर चक्रव्यूहासारखी नक्षी, डोक्यावर ठिपके, दिवसा गायब. पंधरा वर्षं हेच मासे पाळतो, चालण्यावरून ओळखतो.

पहिला क्लाऊन, म्हणजे पॅनाकोलस मॅकस किंवा त्याचा चुलतभाऊ. लाकूड नीट पाहा भाऊ. ताज्या खरवडल्याच्या खुणा असतील आणि खाली भुशासारखी विष्ठा पडली असेल तर दातांचा फोटो नंतर काढला तरी चालते.

आणि एक, टाकीत अजून घ्यायचे असतील तर उभे नाही, आडवेही नाही, तर डोक्यापासून शेपटीपर्यंत लांबीनं रेषा जाणारा लाल डोळ्यांचा गोंडस पिल्लू दाखवतील. तो रॉयल, एल-१९०. दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीचा. पाळायला उत्तम, पण फूटभराच्या वर जाते, चाळीस सेंटीमीटरपर्यंत. तीन फुटी टाकीत त्याला वळताही येत नाही.

वरुडचा_संत्रीवाला:
खुणा आहेत! लाकडाच्या खालच्या बाजूला ओल्या भुशाचा थर आहे. मी समजलो लाकूड सडून राहिलं.

तोंडाचा फोटो कसा काढायचा? जाळीनं धरायला गेलो तर पळतो.

अमरावतीचा_प्लेकोवाला:
जाळी नको! गालावरचे काटे जाळीत अडकते, मग कापावी लागते जाळी आणि माशाचं कातडं सोलते. प्लास्टिकचा पारदर्शक डबा पाण्यात बुडव, पाइप किंवा लाकडासकट मासा त्यात घे, बाकी काढून टाक. दोन मिनिटं शांत ठेव, तो तळाला चिकटते. मग डबा उंच धर आणि मोबाइल खालून. फ्लॅश नको, बाजूनं टॉर्च. तोंड उघडं-बंद होते, तेव्हा व्हिडिओ घे आणि त्यातून चौकट काढ, फोटोपेक्षा बरं येते. वेळ लावू नको, आणि भर उन्हात तर नकोच, डब्यातलं पाणी लगेच तापते.

झाडीपट्टी_साकोली:
मी नवीन आहे, एक विचारतो. हा एल नंबर म्हणजे नेमकं काय? काही जण एल-४६ म्हणतात, काही झेब्रा म्हणतात. सरकारी नंबर आहे का?

मत्स्यगंधा_वर्धा:
सरकारी नाही, शास्त्रीयही नाही. १९८८ साली डाट्झ या जर्मन मासिकानं सुरू केलेली सोय आहे. दक्षिण अमेरिकेतून इतके नवे लोरिकॅरिड, म्हणजे प्लेकोंच्या कुळातले, मासे येत होते की शास्त्रज्ञांना नाव द्यायला वेळ मिळेना. मग मासिकानं फोटो छापायचा, कुठल्या नदीतला ते लिहायचं आणि पुढचा क्रमांक द्यायचा, असं ठरलं. एल म्हणजे लोरिकॅरिडी कुळाचा एल. पुढे दुसऱ्या एका जर्मन मासिकानं एलडीए अशी वेगळी मालिका काढली.

म्हणजे नंबर हा एका फोटोला आणि एका ठिकाणाला दिलेला आहे. त्यामुळे एका जातीला अनेक नंबर मिळाले. गिबिसेप्स नावाच्या प्लेकोला एल-८३ आणि एल-१६५ दोन्ही आहेत. क्लाऊनला एल-१०४ आणि एल-१६२. उलटही झालं, एका नंबराखाली बाजारात वेगवेगळे मासे फिरतात.

सगळ्यात मजेशीर प्रकरण ब्राझिलमधल्या शिंगू नदीचं. तिथून आलेल्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या हायपॅनसिस्ट्रसना एल-६६, एल-२३६, एल-२८७, एल-३३३, एल-३९९, एल-४०० असे नंबर पडले आणि 'हा ६६ की ३३३' यावर जगभर वाद घातले गेले. २०२५ मध्ये ब्राझिलच्या संशोधकांनी यांतल्या नक्षीच्या विविधतेला एकाच जातीत बसवून हायपॅनसिस्ट्रस सायडेली असं नाव दिलं. पट्ट्यांची जाडी, पांढरा की पिवळा, हे सगळं एका जातीच्या आतलं वैविध्य.

अमरावतीचा_प्लेकोवाला:
ताई, इथे मी भांडणार. संशोधनाचा पेपर वाचला, मान्य. पण त्याचा अर्थ लोक असा घेऊन राहिले की आता ६६ आणि ३३३ एका गुहेत सोडले तरी चालते. नाही चालत. माझ्याकडं ३३३ ची ओळ आहे, आजी-आजोबा कुठून आले ते माहीत आहे. पिवळा रंग, जाड पट्टे. यात ६६ मिसळला तर येणारी पिल्लं दुकानदार एकदा ६६ म्हणून विकते, एकदा ३३३ म्हणून. चार पिढ्यांनी कोणालाच काही सांगता येत नाही. शास्त्रासाठी एक जात, पण पाळणाऱ्यासाठी नंबर म्हणजे घराणं. ते तोडू नका.

आता वरुडच्या भाऊंसाठी मुद्द्याचं: ज्या माशाचे मायबाप माहीत नाहीत त्याला नंबर कोणीच देऊ शकत नाही, मीही नाही. 'हायपॅनसिस्ट्रस, ३३३ सारखा दिसणारा' एवढंच लिहायचं.

मत्स्यगंधा_वर्धा:
यात भांडण कुठे आहे? मी हेच म्हणते. फक्त 'घराणं' ठेवायचं तर सोबत कागद ठेवा: कोणाकडून घेतला, जोडी कोणती, साल. नुसता नंबर लावलेला डबा पुरेसा नाही.

वरुडचा_संत्रीवाला:
झालं एकदाचं. पुतण्याला डबा धरायला लावला. पहिल्याचे दात स्पष्ट आले. दोन्ही जबड्यात थोडेच, टोकं रुंद, आणि मध्ये टोकदार कोन, ताईंनी सांगितलं तसं. दुसऱ्याचे वरचे दात बारीक आणि खालचे चार-पाचच, पण लांब. पाठीच्या पंखाचे काटे दोघांचेही सात.

म्हणजे पहिला पॅनाकोलस, दुसरा हायपॅनसिस्ट्रस. दुकानदाराच्या हिशोबानं दोन्ही टायगर.

पुतण्या आता विचारतो, लाकूड खाऊन मासा जगतो कसा? वाळवीसारखा पचवतो का?

मत्स्यगंधा_वर्धा:
पुतण्याला शाबासकी द्या, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. डोनोव्हन जर्मन नावाच्या संशोधकांनी २००९ मध्ये या लाकूडखाऊ प्लेकोंच्या आतड्यांवर काम केलं. निष्कर्ष असा की वाळवीसारखं लाकूड पचवायची सोय यांच्या आतड्यात नाही. अन्न चार तासांच्या आत पुढे सरकतं, तेवढ्यात सेल्युलोज फुटत नाही. लाकडावर बुरशी, जिवाणू, शेवाळ यांनी आधीच अर्धवट कुजवलेला जो भाग असतो, त्यातून ते पोट भरतात. लाकूड बहुतेक तसंच बाहेर पडतं, तुम्हाला दिसलेला भुसा तोच.

त्यामुळे पहिल्याला लाकूड हवंच, पण नुसत्या लाकडावर ठेवू नका. दोडका, काकडी, लाल भोपळ्याची वाफवलेली फोड संध्याकाळी टाका, सकाळी उरलेलं काढा. दुसऱ्याला भाजीत रस कमी. त्याला प्रथिनं हवीत: बुडणारी झिंग्याची गोळी, गोठवलेले ब्लडवर्म. दोघं एका टाकीत राहतील, फक्त झिंग्याची गोळी पाइपाच्या तोंडाशी टाका आणि भाजी लाकडाजवळ. पॅनाकोलसनं रोज झिंगाच खाल्ला तर पोट फुगून मरतो, हे मी कॉलेजच्या टाकीत पाहिलं आहे.

लाकडाचं काय कराल? वरुडला संत्र्याच्या छाटणीच्या फांद्या ढिगानं पडलेल्या असतील, पण त्या घालू नका. बागेत फवारणी किती होते ते तुम्हालाच माहीत. जुनं, वाळलेलं, साल काढलेलं पेरूचं किंवा जांभळाचं लाकूड उकळून घाला. सागवान नको, कडुलिंब तर नाहीच.

पूर्णाकाठ_दर्यापूर:
लाकूड, दात सगळं ठीक, पण पाण्याचं कोणी बोललंच नाही. सातशे टीडीएस ऐकून आम्हा खारपाण पट्ट्यातल्या लोकांना हसू येतं. आमच्याकडं विहिरीच्या पाण्यात चहा फाटतो. अकोला, अमरावती, बुलडाण्यात पूर्णेच्या दोन्ही बाजूंना जमिनीखाली मीठच आहे. पण मासे मी पाळतो. आरओचं पाणी आणि पावसाचं साठवलेलं पाणी मिसळून. पावसाचं पाणी पहिल्या दोन सरी सोडून धरायचं, कौलावरची घाण जाऊ द्यायची.

शिंगूचं पाणी मऊ आणि गरम, अठ्ठावीस-तीस अंश. टाकीत जन्मलेले मासे थोडं जड पाणी सहन करतात, पण बदल हळू करा, एका दिवसात सातशेवरून दीडशेवर आणू नका.

खरी अडचण मे महिन्यात. उष्णता यांना आवडते म्हणून लोक निर्धास्त राहतात. पाणी तीस अंशाला असताना त्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तिसला सातच्या आसपास. आणि पाणी तापलं की माशाला लागतो जास्त. त्यात रात्री लाइन गेली की हायपॅनसिस्ट्रस आधी मरतो, कारण तो जोराच्या प्रवाहातला मासा आहे. दोन बॅटरीवाले एअर पंप ठेवा, एक बिघडतोच. टाकीच्या झाकणाऐवजी जाळी लावा आणि टेबलफॅन पाण्यावर सोडा. कूलरच्या समोर टाकी ठेवू नका, खसाच्या ताटीत कोणी कोणी फिनाइल मारतात.

डिसेंबरात उलट. हीटर नसेल तर हे मासे आणूच नका.

झाडीपट्टी_साकोली:
ताईंनी १९८८ सांगितलं. त्याच वर्षी आमच्याकडं वैनगंगेवर गोसीखुर्दची पायाभरणी झाली. म्हणून सहज लक्षात राहिलं. त्या झेब्रा माशाच्या नदीवरही धरण झालं असं ऐकलं, खरं का?

मत्स्यगंधा_वर्धा:
खरं. बेलो मोंटे. शिंगू तिथे शंभरेक किलोमीटरचं मोठं वळण घेते, त्याला व्होल्टा ग्रांडे म्हणतात. झेब्रा प्लेको फक्त त्याच भागातल्या खडकांच्या कपारीत सापडतो, जगात दुसरीकडे कुठे नाही. धरणानं नदीचं बहुतेक पाणी कालव्यातून वीजघराकडे वळवलं, २०१६ पासून वीज सुरू झाली, आणि वळणावर पाणी कमी पडलं. मासा सात-आठ सेंटीमीटरचा, एका वेळी मोजकीच अंडी देतो, नर कपारीत बसून राखतो. असा मासा लवकर सावरत नाही.

ब्राझिलनं त्याची निर्यात बंद केलीच होती. २०१७ मध्ये त्यांनी तो सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, तिसऱ्या परिशिष्टात टाकला आणि २०२२ च्या पनामा परिषदेत तो दुसऱ्यात गेला. जंगलातला मासा व्यापारासाठी बाहेर पाठवायचा कोटा शून्य. म्हणून कोणी 'वाइल्ड झेब्रा' म्हणून विकत असेल तर दोनच शक्यता: खोटं किंवा चोरटं.

आपल्याकडेही लक्ष द्या. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ला दुरुस्ती होऊन सायटीसच्या प्राण्यांसाठी अनुसूची चार आली, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यातले जिवंत प्राणी पाळणाऱ्यानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. झेब्रा घेण्याआधी अनुसूची उघडून पाहा आणि विकणाऱ्याकडून कागद मागा. तुमचा ३३३ सारखा मासा झेब्रा नाही, दोघांची गल्लत करू नका: झेब्राच्या पांढऱ्या अंगावर काळ्या रेषा स्वच्छ, तिरप्या, सलग जातात, चक्रव्यूह होत नाही.

गप्पू_पांढरकवडा:
माझा सकर दीड फूट झाला. पट्टेबिट्टे नाही, पोटावर नुसते डाग. घरचे म्हणते तलावात सोडून ये. सोडू का?

झाडीपट्टी_साकोली:
नको रे बावा! आमच्या मालगुजारी तलावांत ढिवर लोकांचं पोट आहे. हा मासा काठाच्या मातीत बिळं करतो, पाळ खचते. जाळ्यात आला की त्याचे काटे जाळं फाडतात, आणि बाजारात कोणी विकत घेत नाही. आंध्रात आणि कोलकात्याच्या भेऱ्यांत, म्हणजे मासे पाळायच्या तळ्यांत, हेच झालं. काटला-रोहूचं बीज सोडायला सोसायटी पैसे मोजते, आणि तिथे तू हा पाठवशील?

मत्स्यगंधा_वर्धा:
गप्पू, सोडू नकोस. साध्या सकरच्या दोन जाती आपल्याकडे दिसतात. पोटावरचे डाग सुटे-सुटे असतील तर बहुधा पार्डालिस, एकमेकांना जोडून किड्यासारखी नक्षी झाली असेल तर डिसजंक्टिव्हस. दोघांचे संकरही फिरतात. मोठी टाकी असलेला कोणी घेतो का पाहा. नाहीतर शाळेच्या किंवा मंदिराच्या बंदिस्त सिमेंटच्या हौदात, जिथून पाणी नाल्यात जात नाही.

अमरावतीचा_प्लेकोवाला:
माझ्या शेतातल्या टाक्यात जागा आहे. गप्पू, अमरावतीला आला की ओल्या गोणपाटात नाही, झाकणाच्या बादलीत आण, एअर पंप लावून.

आणि वरुडकर, तुमच्या दुसऱ्या माशाचा वरून फोटो टाका. डोकं रुंद आणि गालावर काटे दाट असतील तर नर असण्याची शक्यता जास्त, पण आताच्या मापात खात्री नाही, अजून वाढू द्या. नर निघाला तर माझ्याकडच्या मादीशी जोडी लावायला मागू नका, आधीच सांगतो. त्याचा बाप कोण ते माहीत नाही.

वरुडचा_संत्रीवाला:
बरं बरं, नाही मागत. फोटो रविवारी टाकतो, या दोन दिवसांत अंबियाची तोड चालू आहे. पेरूचं लाकूड उकळायला टाकलंय, पाणी चहासारखं लाल झालं, ते फेकायचं का टाकीत चालते?

पूर्णाकाठ_दर्यापूर:
पहिल्या दोन उकळ्यांचं फेका. तिसऱ्याचं पाणी थोडं टाकलं तर उलट चांगलं, टॅनिन असते. पाणी पिवळं दिसलं म्हणून घरचे ओरडतील तेवढं सांभाळा.